सरलं, सडलं, कुजलं

मी ढिगावर ठाण मांडून बसले म्हणून ढीग वाचला, असं शहाडला अजून सांगतात. खोटं आहे. मी कल्याणहून उन्हातून चालत आलेले, गुडघे भरून आलेले, आणि समोर बसण्यासारखी मऊ जागा ती एकच होती. बसले. ढिगाभोवती चार माणसं चुन्याच्या पाट्या आणि कार्बॉलिकचे, म्हणजे जंतू मारायच्या औषधाचे, डबे घेऊन उभी आहेत, हे बसल्यावर नीट पाहिलं.

"बाई, उठा," त्यांतला एक म्हणाला. "जाळायचंय."

"काय जाळायचंय?"

"तुमच्या बुडाखाली आहे ते."

एका कोपऱ्यावर त्यांचं कार्बॉलिक ओतूनही झालं होतं. तो वास नाकात गेला आणि मग मात्र मी उठले नाही. ते मुद्दाम.

ते प्लेगचं पहिलं साल. शहाडला उल्हास नदीच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी एक नर्सरी होती. नर्सरी म्हणजे झाडांची रोपं तयार करायची जागा. करंज, चिंच, जांभूळ, वड. बी वाफ्यात पेरायचं, रोप वाढलं की बांबूच्या टोपलीत लावायचं, आणि पावसाळ्यात टोपलीसकट गाडीत घालून रस्त्याच्या कडेला लावायला पाठवायचं. माझा नवरा तिथला माळी. तो वारल्यावर ती जागा मला मिळाली, कारण ठाण्याला मुलींच्या शाळेत मी मराठी चार इयत्ता शिकलेले आणि रोपांच्या पाट्या वाचू शकत होते. हाताखाली बायका होत्या. काम गेलं असतं तर मला कोपरीला दिराच्या घरी परत जावं लागलं असतं. दीर वाईट नव्हता. पण त्याच्या घरात मला दुपारी बसलेलं कधी कोणी पाहिलं नाही. नर्सरीत माझी स्वतःची खोली होती, तिच्या दाराला आतून कडी होती. ती कडी मला सोडायची नव्हती. बाकी काही नाही.

त्या सकाळी ओव्हरशियरसाहेबांनी, म्हणजे रस्त्याच्या कामावरच्या आमच्या साहेबांनी, मला कल्याणला बोलावून घेतलं होतं. उभ्यानंच बोलले.

"सगुणाबाई, गेल्या साली निम्मी रोपं मेली."

"हो."

"का मेली?"

"टोपल्यांत नदीचा गाळ भरला होता. तुम्हीच सांगितलेलं. ऊन लागलं की त्याची वीट होते. पाणी वरच्यावर वाहून जातं, मुळाला पोचत नाही."

त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "यंदा काय भरणार?"

"कुजलेला पाला. गेल्या उन्हाळ्यापासून ठेवलाय."

"यंदाही मेली तर नर्सरी बंद. मी ठाण्याहून रोपं मागवीन. मलाही वर उत्तर द्यावं लागतं, बाई."

"रोपं देते," मी म्हटलं आणि निघाले.

तो गेल्या उन्हाळ्यापासून ठेवलेला पाला म्हणजे मी ज्यावर बसलेले तोच ढीग.

त्याच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मलंगगडाच्या बाजूच्या रानात जा. पान रोज पडतं. फांदी पडते. वादळात अख्खं झाड पडतं. झाडून काढायला कोणी येत नाही, तरी रान कचऱ्यानं भरून जात नाही. वरची पानं कुरकुरीत असतात, ती बाजूला करा. खालची पानं ओलसर, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्यामधून पांढरे धागे गेलेले दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे. त्याच्याखाली पान ओळखू येत नाही, नुसत्या शिरा राहतात. त्याच्याखाली काळी भुसभुशीत माती. पडलेल्या लाकडाचंही तसंच. आधी त्याच्या सालीवर कानाच्या पाळीएवढ्या चिवट पापड्या येतात, आणि काही पावसाळे गेले की ज्या खोडाला कुऱ्हाड लागत नव्हती त्यात बोट जातं. हे सगळं ती बुरशी करते. पावसात ज्या छत्र्या उगवतात त्याही तिच्याच. छत्रीखाली हळू उकरलं की तेच पांढरे धागे लागतात. झाडानं मातीतून घेतलेलं ती मोडून मातीला परत देते. तिनं काम टाकलं तर रान आपल्याच पाचोळ्यात कंबरेपर्यंत बुडेल आणि खालची मुळं उपाशी राहतील.

आम्ही वेगळं काही करत नव्हतो. रानातला पाला गाडीनं आणायचा. सोबत खालच्या थरातली थोडी धागे धरलेली पानं आणायची, दुधाला विरजण लावतात तशी ती मधे घालायची. उंच जागी ढीग रचायचा, ओला ठेवायचा, अधूनमधून उलटायचा. बाकी बुरशी बघते. आम्ही तिला बुरा म्हणायचो.

ह्याला कुजणं म्हणतात. सडणं वेगळं. कुजायला वारा लागतो. पाणी साचलं आणि वारा कोंडला की तोच पाला बुळबुळीत होतो, घाण मारतो, बुरा त्यात जगत नाही. ते सडणं. कुजलेल्याला रानासारखा वास येतो, सडलेल्याला मेलेल्या उंदरासारखा. सडलेलं मुळाला लावलं तर रोप जातं. आमच्याकडे तेही होतं. खालच्या अंगाला, निवडुंगाच्या कुंपणाआड, एक जुना खड्डा होता. माझ्या नवऱ्यानं खणलेला. जागा चुकलेली, सगळ्या आवाराचं पाणी तिथंच उतरायचं. त्यातलं सगळं सडलेलं. तो उपसायला कोणी तयार नव्हतं. मीही नाही.

आता इन्स्पेक्टर. प्लेगात सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे साफसफाईवरचा साहेब. वस्तीजवळ सडलेलं काही दिसलं की चुना, कार्बॉलिक, नाहीतर आग, एवढंच त्याचं काम. घरांची कौलं काढून आत ऊन सोडत होते. लोकांची अंथरुणं रस्त्यावर जळत होती. जवळच्या वाडीत दोन घरांना कुलूप लागलेलं. अशा दिवसांत पाल्याच्या ढिगासाठी भांडणं हे लोकांना वेडेपणाचं वाटेल, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी अंथरुणं कोणी जाळत नव्हतं. माझा ढीग जाळत होते.

इन्स्पेक्टर कुंपणाकडून आला. तिशीचा असेल. घाटावरचा, पुण्याकडचा, बोलणं स्वच्छ. दाढी वाढलेली, डोळे लाल, कोटावर चुन्याचे डाग.

"ह्या कोण?" त्यानं आपल्या माणसांना विचारलं.

"मी इथली," मी म्हटलं. "हा ढीग का जाळताय?"

"सडलाय म्हणून."

"सडलेला नाही."

"बाई, मी सकाळी तुमच्याच माणसाला विचारलंय. माझा वेळ घेऊ नका."

"कोणाला विचारलंत?"

त्यानं हिरीकडे बोट केलं. हिरी म्हणजे माझ्या बायकांतली सगळ्यात जुनी. शेजारच्या आगरी वाडीतली, वयानं माझ्याएवढी, तोंडानं माझ्याहून मोठी. ती वाफ्याच्या बांधावर हात कमरेवर ठेवून उभी होती आणि रागानं लाल झाली होती.

"हिरे, काय सांगितलंस ह्यांना?"

"मी तं नीट सांगलं, बाय! त्यानी ईचारलं, घान कुठं हाय? मी बोल्ली, खालचा सरलाय, वरचा कुजलाय. आनि ह्ये आंधलं वरच्यालाच लागलं!"

"ऐकलंत?" इन्स्पेक्टर मला म्हणाला. "खालचा सरला, म्हणजे संपला. आणि वरचा कुजलाय. हेच मी म्हणतोय."

मी डोक्याला हात लावला. हसू यायला हवं होतं, पण त्या दिवशी हसायला दम नव्हता.

आगरी बोलीत ड चा र होतो. गाडीला गारी म्हणतात, घोड्याला घोरा, माणूस पडला तर परला. हिरीला म्हणायचं होतं की खालचा खड्डा सडलाय, तो जाळा. घाटावरच्या माणसानं ऐकलं की खालचा सरला, आता तिथं काही उरलं नाही. आणि कुजलाय म्हणजे काय हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तो निवडुंगाच्या पलीकडे गेलाही नाही.

"साहेब, सरलाय म्हणजे सडलाय," मी म्हटलं. "ह्यांच्याकडे तसं म्हणतात."

"मग संपला ह्याला काय म्हणतात?"

"खपला म्हन्तान," हिरी म्हणाली.

"खपला म्हणजे मेला ना?"

"मंग? मेला म्हंजे सपलाच ना तो!"

त्याच्या माणसांतला एक फिसकन हसला. इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं त्या महिन्यात खपलेले बरेच पाहिले असावेत.

आम्ही त्याला निवडुंगाआड नेलं. खड्डा पाहून त्याच्या माणसांनी नाकाला फडकी लावली. माश्यांचा थवा उठला. इन्स्पेक्टर मात्र काठावर तसाच उभा राहिला, तोंडावर काही नाही. मग म्हणाला, "ठीक. इथं चुना टाका, कार्बॉलिक टाका, बुजवा. आणि वरचाही जाळा."

"वरचा का?"

"बाई, त्याच्यावर पांढरी बुरशी आहे. मी डोळ्यांनी पाहिली."

"ती पाहिजेच. तिच्यासाठीच तर वर्षभर ठेवला."

"बुरशी ठेवायला?"

"चला," मी म्हटलं. "हुंगून बघा. खालच्याचा वास घेतलात, आता वरच्याचा घ्या. मग ठरवा."

त्यानं आपल्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग हळूच, माणसांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"कार्बॉलिकनं. दिवसभर त्यातच असतो. जेवणाचाही येत नाही. ह्या खड्ड्याचाही आला नाही."

मला वाटलं होतं की एकदा हुंगला की काम झालं. सगळी हयात मी नाकावर काढलेली. आता त्याच्याकडे नाकच नाही, तर दाखवायचं काय? मी त्याला परत वर आणलं, पाला बाजूला केला आणि म्हटलं, हात घाला. त्यानं मनगटापर्यंत घातला आणि झटकन काढला.

"गरम आहे."

"कोमट आहे. आत काम चाललंय."

"ताप असतो तसा आहे," तो म्हणाला आणि हात कोटाला पुसला. त्या दिवसांत कोणाच्याही हाताला गरम लागलं की एकच गोष्ट आठवायची. माझा दुसरा उपायही गेला.

मग मी समजावणं सोडलं. समजावून काही होत नाही, हे मला उशिरा कळतं.

"साहेब, तुम्हाला भीती कसली आहे ते सांगा."

"सांगतो. मी हा ढीग ठेवला आणि उद्या वाडीत आणखी कोणी आजारी पडलं, तर मला विचारतील, बुरशीचा ढीग डोळ्यांनी पाहूनही तू सोडलास? मी काय सांगू? एका बाईनं हात घालायला लावला?"

खरं होतं त्याचं. ओव्हरशियरसाहेबांनाही वर उत्तर द्यायचं होतं, ह्यालाही द्यायचं होतं. मधे माझा पाला.

"तुमची ऑर्डर नर्सरीपुरती आहे का?"

"वस्तीजवळ सडका कचरा नको, एवढीच ऑर्डर आहे."

"नदीकाठची ती चिंचेची राई वस्तीजवळ धरता?"

त्यानं तिकडे पाहिलं. मधे शेतं होती, कापणी होऊन मोकळी पडलेली. "नाही," तो म्हणाला. "तिथलं मी बघत नाही."

"मग आम्ही उचलतो."

"माझी माणसं खालचा खड्डा बुजवतील. तो झाला की इथं जे उरलं असेल ते जाळीन. मग थांबणार नाही."

"थांबू नका."

मी बायकांना हाक मारली. टोपल्या होत्याच, रोपांसाठी आणलेल्या. त्याच भरल्या. ढेकळांतून, डोक्यावर टोपली घेऊन, राईपर्यंत जायचं, ओतायचं, परत यायचं. बोलणं बंद झालं. हिरी सुद्धा गप्प झाली, ह्यावरून काय ते समजा. माझे गुडघे सकाळीच गेलेले, मी भरायला थांबले. वाकून भरायचं आणि दुसरीच्या डोक्यावर द्यायचं. ढिगाचा थर फोडला की आतून ते पांढरे धागे तुटताना दिसायचे. वाईट वाटायला वेळ नव्हता. तुटले तरी ते पुन्हा धरतात.

खड्डा बुजवणारी माणसं घाईत नव्हती. त्या वासात घाई कोण करणार? इन्स्पेक्टर आंब्याच्या बुंध्याला टेकून बसला होता. जरा वेळानं पाहिलं तर त्याची मान खाली गेलेली. झोपला होता. खड्डा बुजून झाला, माणसं वर आली आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर बिड्या ओढत बसली. उठवलं कोणीच नाही. लोक म्हणतात त्यानं मुद्दाम डोळे मिटले. मला नाही वाटत. घोरत होता. इतका थकलेला माणूस सोंग कशाला करील?

जागा झाला तेव्हा ढिगाचा तळ उरला होता आणि तो कार्बॉलिक ओतलेला कोपरा. कोपऱ्याला आम्ही हातच लावला नव्हता. तळाला त्यानं काडी लावली. ओलाव्यानं नीट पेटेना, नुसता धूर. "पुरे," तो म्हणाला आणि डबे उचलून गेला. नमस्कार वगैरे कोणी केला नाही.

पुढचं थोडक्यात. चिंचेखाली पाला पुन्हा रचला, नदीचं पाणी मारलं, आणि काही दिवसांत बुरा परत धरला. रोपं टोपल्यांत लावायची वेळ आली तेव्हा तोच पाला गाळात मिसळून भरला. ह्या वेळी टोपलीची वीट झाली नाही. पाणी टाकलं की आत मुरायचं आणि मुरलेलं राहायचं. पावसाळ्याच्या तोंडाला ओव्हरशियरसाहेब आले, एक टोपली स्वतः उलटी करून मुळं पाहिली.

"जगतील?"

"रस्त्यावर नेल्यावर गुरांनी खाल्ली नाहीत तर जगतील."

"गुरांचं मी बघतो."

त्यांनी बघितलं नाही, बरीच गुरांनी खाल्ली. पण तो दोष नर्सरीचा नव्हता, आणि नर्सरी चालू राहिली. दाराची कडी माझीच राहिली. मला तेवढंच पाहिजे होतं.

तो कार्बॉलिकचा कोपरा मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला. काय होतं बघावं म्हणून. काहीच झालं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, शेजारचं गवत उगवून वाळलं, तरी त्या कोपऱ्यातलं पान पानच राहिलं. तपकिरी, अख्खं, शिरा जागच्या जागी. सडलं नाही, त्याची घाण नाही, कोणाला त्रास नाही. कुजलंही नाही. उलटून पाहिलं तर एक धागा नाही. इतकी स्वच्छ गोष्ट मी नर्सरीत दुसरी पाहिली नाही, आणि इतकी बिनकामाचीही नाही. शेवटी चुलीत घातली.

इन्स्पेक्टर पुन्हा एकदा आला, पुढच्या पावसाळ्यात. ड्यूटी दुसरीकडे होती, जाता जाता डोकावला. अंगानं सुकलेला, पण दाढी केलेली. ढीग आता परत उंच जागी रचलेला होता. हिरी त्याच्याजवळ टोपल्या भरत होती. त्यानं मोठ्या ऐटीत, तिच्याच बोलीत विचारलं, "काय हिराबाई, हा सरला नाही ना?"

त्याला म्हणायचं होतं, सडला नाही ना. वर्षापूर्वीचा शब्द त्यानं नीट लक्षात ठेवलेला. पण वर्षापूर्वीचं हिरीनंही लक्षात ठेवलेलं. साहेबलोक सरला म्हणजे संपला म्हणतात, हे तिला आता पक्कं ठाऊक झालं होतं.

"सरला कसा, सायब?" ती म्हणाली. "अजून दोन गार्‍या हाय!"

तो गोंधळला. "दोन गाड्या सडलेला आहे?"

"सरलेला नाय, उरलेला!"

दोघंही माझ्याकडे पाहायला लागले. मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला. एकमेकांचा शब्द शिकूनही घोटाळा तोच राहणार असेल, तर शिकवून उपयोग काय? त्यानंतर नर्सरीत नवीन माणूस आला की मी त्याला शब्द शिकवले नाहीत. सरळ ढिगाजवळ नेलं.

"साहेब, विचारू नका कोणाला," मी म्हटलं. "हात घाला, आणि हुंगा."

त्यानं बाही वर केली, हात घातला, मूठभर काढून नाकाजवळ नेला. पुन्हा हुंगला.

"रानात गेल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

म्हणजे नाक परत आलं होतं. मी खुरपं उचललं आणि कामाला लागले.